डिझेलला वाफेचा मुखवटा

मध्य रेल्वेने नेरळ–माथेरानच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप दिलं. काळं अंग, वर धुरांडं, पुढे गोल तोंड. लोकांना ते आवडलं आणि लोकांचा त्यात काही दोष नाही. पण ज्या रेल्वेच्या अंगणात अस्सल वाफेची इंजिनं उभी आहेत, तिने नकलेवर पैसा घालावा, हे काही मला पटत नाही. ढोलपथक दारात बसवून ठेवायचं आणि मिरवणुकीत रेकॉर्डिंग वाजवायचं, अशातला हा प्रकार.

ही इंजिनं आहेत तरी कोणती? मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या खटपटीवर १९०४ ते १९०७ या काळात ही दोन फुटी लाइन उभी राहिली. खर्च सोळा लाख. सुमारे वीस किलोमीटरमध्ये गाडी साडेसातशे मीटर वर चढते, काही ठिकाणी वीस फुटांत एक फूट असा चढ, आणि वळणं अशी की मागच्या डब्यातून आपलंच इंजिन समोरून जाताना दिसावं. हा घाट चढायला जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेलने चार इंजिनं बांधून दिली. पुढे ७३८ ते ७४१ हे त्यांचे क्रमांक झाले.

त्यांची खरी गंमत चाकांखाली आहे. घाटाला ताकद हवी, म्हणून सहाही चाकं ओढणारी हवीत. पण तीन आस एका सरळ चौकटीत घट्ट बसवले, तर अशा वळणावर चाक रुळाला घासणार नाहीतर रूळ सोडणार. त्यावर क्लीन-लिंडनर नावाची युक्ती होती. पुढच्या आणि मागच्या जोडीत चाकं मुख्य आसावर न बसवता त्याच्याभोवतीच्या पोकळ आसावर बसवली. दोन्ही आस मधोमध गोलाकार सांध्याने जोडले. आतला आस चौकटीत सरळ राहून ताकद देतो, बाहेरचा वळण आलं की थोडा तिरपा होतो, थोडा सरकतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही कळत नाही. इंजिन चौथऱ्यावर उभं असेल तर कधीच कळणार नाही, कारण हा सांधा फक्त चालताना काम करतो.

१९५०च्या दशकात जर्मनीहूनच युंग कंपनीची डिझेल इंजिनं आली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाफ संपली. (त्या युंग इंजिनांनीही पुढे काही दशकं हा घाट ओढला. आता तीही वारशाच्या यादीत बसतील इतकी जुनी झालीत, पण त्यांच्यासाठी कोणी हळहळत नाही.) चार वाफेच्या इंजिनांपैकी एक माथेरानला, एक नेरळला, एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं. ७४० क्रमांकाचं थेट इंग्लंडला, लेटन बझर्ड इथे पोचलं. पहिल्या महायुद्धानंतर वाळू वाहण्यासाठी टाकलेली ती चिमुकली दोन फुटी लाइन आज हौशी स्वयंसेवक चालवतात.

चौथऱ्यावर इंजिन ठेवलं की ते जपलं गेलं, असं आपण धरून चालतो. कोकणाच्या कडेचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याने तरी असं धरू नये. धुरांड्यातून पाणी आत जातं, धूरपेटीत उरलेल्या राखेत मिसळतं आणि पोलाद आतून खात बसतं. बाहेर दर वर्षी नवा रंग, सांध्यांवरही रंग, तेलाच्या वाट्यांवरही रंग. कोणी पाहुणा येणार असला की आणखी एक हात. निदान वर पत्रा तरी घाला, ही मागणी फार मोठी नाही.

आणि लोखंड एक वेळ पुन्हा घडवता येतं. दक्षिण रेल्वेने ते करून दाखवलंय. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात निलगिरी घाटासाठी वाफेची नवी इंजिनं बांधली गेली, एकविसाव्या शतकात, आपल्याच कामगारांनी. दार्जिलिंगची शंभरी ओलांडलेली बी क्लास इंजिनं तिनधारियाच्या कारखान्याच्या जोरावर आजही घूमपर्यंत पर्यटक नेतात. तिथे हात शिल्लक राहिले, म्हणून इंजिनं राहिली. आपल्याकडे १९८२ साली जो वीस वर्षांचा फायरमन होता, त्याने साठी कधीच ओलांडली. चढावर कोळसा किती आणि कुठे टाकायचा, पाणी कधी सोडायचं, उतारावर ड्रायव्हरच्या शिट्टीसरशी डब्यांमधल्या ब्रेकवाल्याने चाक किती आवळायचं, हे कोणत्याही पुस्तिकेत पुरतं उतरत नाही. खर्च करायचाच तर तो या माणसांवर करा.

आता आक्षेप. माथेरानभोवतीचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. रानात ठिणग्या, वर धूर, हे कोणालाच नको. मान्य. २००५ आणि २०१९ च्या पावसाने या लाइनचे काय हाल केले तेही विसरता येत नाही. २०१९ मध्ये बंद पडलेली नेरळची गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. दस्तुरीच्या पुढे मोटार जात नसल्याने अमन लॉज ते माथेरान धावणारी शटल तर गावाची गरज आहे. तिच्या वेळापत्रकाशी हौसेपोटी खेळू नये. म्हणून अख्खा घाट वाफेवर चढवा, असं माझं म्हणणं नाहीच.

म्हणणं एवढंच आहे की सुरुवात नेरळच्या यार्डात करा. दार्जिलिंगचं ७९४ क्रमांकाचं बी क्लास इंजिन तिथे आलेलंच आहे. ते तपासून घ्या, तेलावर चालवता येतं का पाहा, हिवाळ्यातल्या रविवारी यार्डात दोन डबे जोडून पुढे-मागे फिरवा आणि तिकीट लावा. लोक येतील. नेरळ-कर्जतची चार-पाच आयटीआय झालेली मुलं वर्षभर तिनधारियाला पाठवा. ती परत आल्यावर चौथऱ्यावरचं एक ओरेनस्टाइन खाली उतरवून उघडा आणि त्याचे आस, नळ्या, बॉयलर कोणत्या स्थितीत आहेत, याचा अहवाल लोकांपुढे ठेवा. चालण्यासारखं नसेल तर तसं सांगा, ते ऐकायलाही आमची तयारी आहे. केंद्राने २०२३ मध्ये वारसा मार्गांवर हायड्रोजनच्या ३५ गाड्या आणण्याची घोषणा केली, त्यात माथेरानचंही नाव होतं. त्या येतील तेव्हा येवोत. यार्डातल्या इंजिनाला त्यांची वाट पाहायचं काही कारण नाही.