आपल्या खांद्यावर कुणाची बंदूक?

ऑक्टोबर २०२५ मधल्या एका शुक्रवारी ओव्हिएदो आणि एस्पान्योल यांचा ला लिगातला, म्हणजे स्पेनच्या फुटबॉल लीगमधला, सामना सुरू झाला आणि खेळाडू जागीच उभे राहिले. पंधरा सेकंद कुणी चेंडूसाठी धावले नाही. मैदानातल्या लोकांनी ते पाहिले. टीव्हीसमोर बसलेल्यांना मात्र तेवढ्या वेळात स्टेडियमचे बाहेरून टिपलेले दृश्य दाखवण्यात आले, सोबत शांततेशी बांधिलकी सांगणारी पट्टी. सामन्याचे चित्र लीगच पुरवते. काय दाखवायचे नाही, हेही मग तीच ठरवते.

निषेध कशाचा होता? व्हिलारेयाल आणि बार्सिलोना यांचा २० डिसेंबरचा सामना लीगने अमेरिकेत, मियामीला न्यायचा घाट घातला होता, त्याचा. मैत्रीपूर्ण सामना नव्हे, गुणतक्त्यातला खराखुरा. कारण नेहमीचेच: स्पॅनिश फुटबॉल जगभरच्या चाहत्यांपर्यंत न्यायचे आहे. हे जगभरचे चाहते म्हणजे तुम्ही-आम्ही. रात्री दीड वाजता, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बारीक करून बघणारे. आपल्या खांद्यावर बंदूक ठेवून हा बार उडवला जात होता. आणि ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते, त्यांनाच निषेध दिसू दिला नाही, हे मला सर्वांत जास्त खुपले.

व्हिलारेयाल हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचे गाव. आसपासच्या साऱ्या पट्ट्यात टाइल्सचा धंदा, क्लबचा मालक त्याच धंद्यातला आणि स्टेडियमचे नावही सिरॅमिकवरूनच पडलेले. त्यात साधारण तेवीस हजार माणसे बसतात, म्हणजे गावातली जवळपास निम्मी. लीगमध्ये बार्सिलोना तिथे वर्षातून एकदाच येते. तो एक दिवस त्यांच्याकडून काढून मियामीला द्यायचा, अशी ती योजना. क्लबने त्यावर उताराही शोधला होता: हंगामाचे तिकीट काढलेल्यांना मियामीला फुकट नेऊ. नाताळ चार-पाच दिवसांवर आलेला असताना दुकान बंद करून अटलांटिक ओलांडायचा, स्वतःच्या संघाचा घरचा सामना बघायला! ही कल्पना ज्याला सुचली, तो माणूस स्वतःच्या पैशाने तिकीट काढून सामन्याला कधी गेला असेल, असे वाटत नाही.

बार्सिलोनाच्या फ्रेंकी डी याँगनेही हे योग्य नसल्याचे उघड सांगितले. बार्सिलोनाचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या रेआल माद्रिदने आक्षेप नोंदवला. त्यामागे स्वार्थ होता, पण मुद्दा बिनतोड होता. प्रत्येकाने प्रत्येकाच्या मैदानावर जाऊन खेळायचे, हाच लीगचा पाया. एकाच संघाला एका अवघड दौऱ्यातून सूट मिळाली, तर अडतीस सामन्यांच्या हिशेबाला अर्थ काय उरतो? अखेर २१ ऑक्टोबरला मियामीचा बेत रद्द झाला आणि सामना व्हिलारेयालमध्येच झाला. मिलान आणि कोमो यांचा इटालियन लीगमधला सामना ऑस्ट्रेलियात पर्थला नेण्याचा बेतही डिसेंबरात बारगळला.

म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ला लिगाचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता. आधी २०१८ आणि २०१९ मध्येही असे प्रयत्न झाले होते. शिवाय सामना न हलवताही बरेच काही हलवता येते. २०१७ च्या डिसेंबरात रेआल-बार्सिलोना सामना माद्रिदमध्ये भरदुपारी एक वाजता ठेवला गेला, आशियातल्या प्रेक्षकांसाठी. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. चहाच्या वेळेला एल क्लासिको! आपली चैन झाली, हे कबूल करायला हवे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात थेट प्रक्षेपणाला बंदी आहे. छोट्या क्लबांची मैदाने ओस पडू नयेत, हा त्यामागचा हेतू; चांगलाच आहे. पण त्यामुळे तिकीट न मिळालेला लीड्सचा माणूस रेडिओ लावून बसतो आणि तोच सामना सांगलीत मोबाइलवर दिसतो. २०२२ पासूनच्या तीन वर्षांच्या करारांत प्रीमियर लीगला परदेशी हक्कांतून मिळालेले पैसे प्रथमच देशांतर्गत हक्कांपेक्षा जास्त झाले. कुणाच्या सोयीने घड्याळ लागणार, हे त्यावरून समजावे.

तरीही आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, याचे उत्तर खुद्द ला लिगानेच देऊन ठेवले आहे. जून २०२० मध्ये कोविडमुळे रिकाम्या मैदानांवर सामने सुरू झाले, तेव्हा टीव्हीवर एका व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज मिसळला गेला. खेळाडू तेच होते, गोल खरे होते. पण त्या गोंगाटाशिवाय माल खपत नव्हता. तो गोंगाट करणारी माणसे व्हिलारेयालसारख्या गावांत राहतात. त्यांना मैदानाबाहेर काढून आपल्याला विकायला मागे काही उरत नाही.

जागतिक पैसा आपल्याकडे आला की आपले भले होईल, या आशेचेही मुंबईने उत्तर पाहिले आहे. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीत ६५ टक्के वाटा घेतला. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) दोन वेळा साखळीत अव्वल येण्याची शील्ड आली, दोन वेळा चषक आला. खेळ देखणा होता, अंधेरीच्या मैदानावर नवे चाहते जमले. मग आयएसएलचा व्यावसायिक करार संपत आला, नवा होईना, हंगाम सुरू होईना. आणि डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुपने आपला वाटा सोडला. धंद्याच्या हिशेबात ते चुकीचे नसेलही. पण चाहत्यांना वाटा सोडण्याची सोय नसते. व्हिलारेयालचा माणूस आणि अंधेरीचा माणूस इथे एकाच रांगेत उभे आहेत.

मुंबई-पुण्यात युरोपातल्या बड्या क्लबांच्या अधिकृत चाहता संघटना आहेत. त्यांचे सभासद क्लबांच्या दफ्तरी मोजले जातात आणि प्रायोजकांना दाखवले जातात. ही गणती एकदा उलटी वापरून बघायला हरकत नाही. घरचा सामना परदेशी नेण्याचा पुढचा प्रस्ताव आला, की या संघटनांनी क्लबला चार ओळींचे पत्र धाडावे: आम्ही जागे राहू, वर्गणीही भरू, सामना मात्र तुमच्या गावातच खेळा.