रक्त त्यांचं, नोबेल साहेबांचं

ऑस्ट्रेलियात गोरा साहेब उतरला तेव्हा तिथं कुणी राहतच नव्हतं. मी नाही म्हणत, त्यांचा कायदा म्हणायचा. तोही थेट 1992 च्या माबो खटल्याच्या निकालापर्यंत. जमीन घेताना माणूस दिसला नाही. रक्त घेताना मात्र बरोब्बर सापडला!

अमेरिकेतले संशोधक बरूक ब्लुमबर्ग यांना 1963 साली एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात अनोळखी प्रथिन आढळलं. त्याचं बारसं झालं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. आता गंमत बघा. देशाची लोकसंख्या काढताना आदिवासींना धरायचं नाही, असं कलमच ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत होतं. ते उडालं 1967 साली. म्हणजे माणसाच्या चार वर्षं आधी त्याचं रक्त हिशेबात आलं.

ते प्रथिन निघालं हिपॅटायटिस बी विषाणूचं. 1976 साली ब्लुमबर्गना अर्धं नोबेल. उरलेलं अर्धं? पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांच्या कुरू रोगावर काम करणाऱ्या गायडुसेकना. अख्खं पारितोषिक आदिवासींच्या देहांवर उभं! संशोधन थोरच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

या विषाणूवरची लस अमेरिकेत मंजूर झाली 1981 मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या सगळ्या बाळांना ती मिळू लागली 1990 पासून, देशभरातल्या बाळांना 2000 पासून. घाई कसली? तोवर लागण झालेली बाळं आज मोठी झालीत, आणि यकृताच्या कर्करोगाची टांगती तलवारही त्यांच्यासोबत मोठी झालीय.

यावर विद्वज्जनांचं ठेवणीतलं निदान: ‘जीवनशैली’. अहो, हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाला होतो, नाहीतर रांगत्या-खेळत्या वयात पोरापोरांत पसरतो. तान्हेपणी लागण झाली तर दहांतल्या नऊ जणांना तो जन्माचा चिकटतो. धडधाकट प्रौढांत शंभरातल्या पाचांनाही नाही. चार तासांच्या पोराची कसली आलीय जीवनशैली? कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथं कावीळ एकाला, पिवळं दिसतंय भलत्यालाच!

आणि हा आजार काय आहे, हे तिथल्या योलंगु आदिवासींना त्यांच्याच योलंगु माथा भाषेत सांगणारं ॲप कधी आलं? 2014 साली. रक्त घ्यायला दुभाषा लागला नव्हता बहुतेक.

28 जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. तो ब्लुमबर्ग यांचा वाढदिवस. ज्याचं रक्त होतं त्याचं नाव काय, असं त्या दिवशी व्यासपीठावरच्या पाहुण्यांना एकदा विचारून बघा.