ट्रेकला चाकू हवाय? ‘रॅम्बो’ नको, साधाच घ्या!

थंडी पडली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सुरू होतात. शेतात भरीत पार्ट्या आणि ग्रुपवर ‘चला, कुठंतरी कॅम्पिंगला जाऊ’चे मेसेज. लळिंग, पाटणादेवी, मनुदेवी, पाल, जमलंच तर तोरणमाळ. गाडी कोणाची, तंबू कोणाचा हे ठरतं आणि मग कोणीतरी विचारतंच, ‘भो, एखादा चाकू घ्यायचा का?’ मोबाइलवर शोधलं की समोर येतं काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र आणि वर नाव ‘हंटिंग नाइफ’. किंमतही पॉकेटमनीत बसणारी. बोट लगेच ‘बाय’वर जातं. मित्रांनो, तिथंच जरा थांबा.

आधी त्या ‘हंटिंग’चं बघू. आपल्या देशात 1972 पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. ससा असो, तितर असो की रानडुक्कर, गंमत म्हणून शिकार हा प्रकारच त्यात बसत नाही. नुसता फासा लावला किंवा प्रयत्न केला तरी ती शिकारच धरली जाते. म्हणजे ज्या कामाचं नाव त्या चाकूवर आहे, ते काम तुम्ही करूच शकत नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही आणि याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. पाटणादेवीचं जंगल गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. पालकडे यावल अभयारण्य आहे, शिरपूर तालुक्यात अनेर. तिथं जाताना चाकू घरीच ठेवा. कांदा, मिरची, काकडी घरून चिरून डब्यात न्या. काहीही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट शहरातली. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 नुसार जिल्हाधिकारी शस्त्रबंदीचे आदेश काढतात. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की जळगाव-धुळ्याच्या पेपरात ही बातमी असतेच. त्या काळात सोबत चाकू बाळगायलाही मनाई असते. त्याशिवाय शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत. घरकाम आणि शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. विळा आणि ‘कमांडो नाइफ’ यांत कायदा फरक करतो, तो असा. पण 9 इंचांच्या आत आहे म्हणून कुठंही, कधीही कमरेला लावून फिरा, असा याचा अर्थ नाही.

यात पणाला काय लागतं? तलवारीनं केक कापला, चाकू नाचवत रील टाकली आणि गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या आपण वाचतोच. आपल्या भागातली कितीतरी पोरं पहाटे उठून पोलीस आणि आर्मी भरतीसाठी धावतात. ग्राउंड निघतं, लेखी निघते आणि मग चारित्र्य पडताळणी येते. तिथं एक गुन्हा आडवा आला तर दोन-तीन वर्षांची मेहनत मातीत जाऊ शकते. पंधरा सेकंदांच्या रीलसाठी हा सौदा परवडणारा आहे का, तुम्हीच सांगा.

मग चाकू घ्यायचाच नाही? घ्या की! शेतातल्या मुक्कामाला, मळ्यातल्या भरीत पार्टीला तो लागतोच. कांद्याची पात चिरायची, दोरी कापायची, काडी तासायची. या सगळ्या कामांना चार इंचांचं, एका बाजूनं धार असलेलं पातं पुरतं. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू जगभरचे कॅम्पिंगवाले वापरतात. तेही असेच असतात, साधे आणि छोटे.

घेताना चार गोष्टी बघा. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं. पोकळ मुठीचे ‘रॅम्बो’छाप चाकू जोर लावला की बहुधा मुठीपाशीच तुटतात. करवतीचे दात नकोत, त्यांनी ना लाकूड कापलं जातं ना भाजी. स्टेनलेस स्टील गंजत नाही, कार्बन स्टीलला धार पटकन लागते. पण ते पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावं लागतं. आणि म्यान घट्ट हवं, कारण बॅगेत हात घातला की पहिली जखम आपल्यालाच होते.

दोन-तीनशे रुपयांत भांड्यांच्या दुकानात चांगला किचन नाइफ मिळतो. त्याहून बरं म्हणजे आठवडे बाजारातल्या लोहाराकडे जा. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून तो जे पातं घडवतो, ते कणखर असतं. धार गेली तर तोच लावूनही देतो. ऑनलाइन चाकूची ही सोय कोण करणार? चार पैसेही आपल्याच गावात राहतात.

‘पण रानात बिबट्या आला तर?’ बिबट्यासमोर चाकू काही कामाचा नाही. तिथं उपयोगी पडतो तो सोबतचा ग्रुप, टॉर्च, मोठा आवाज आणि अंधाराआधी मुक्कामी पोहोचण्याचं शहाणपण.

तेव्हा चाकू घ्या, पण अवजार म्हणून. शहरातून जाताना म्यानात घालून, भांड्यांच्या पिशवीत तळाशी ठेवा. परत आलात की धुऊन स्वयंपाकघरात लावा. आई तोच चाकू दुसऱ्या दिवशी भाजीला वापरायला लागली, तर समजा तुमची खरेदी बरोबर झाली.