काटा कापसाचा

मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
विदर्भ साहित्य संघ, नागपूर



गेल्या उन्हाळ्यात मी एक कथा लिहिली. मंदा अकोल्याजवळच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघते. कापसाची गाडी धरमकाट्यावर आधी भरलेली चढते, मग रिकामी. दोन्हीची वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचं माप. एकाच ट्रॉलीचं रिकामं वजन सकाळपेक्षा संध्याकाळी चाळीस किलोनं जास्त भरतं, हे मंदाला पावत्या लावताना दिसतं. पुढं ती काय करते, ती कथा. मंदा जाड आहे. हे दोनदाच येतं: एकदा ती काळीपिवळीत पुढच्या सीटवर बसते तेव्हा आणि एकदा ब्लाउजचं माप देताना.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "कथा जमली ताई. पण ती जाड काहून आहे, ते काही समजलं नाई. तीच काट्यावर उभी राह्यते अन् काटा मारलेला पकडते, असं केलं तर?"

मला हसू आलं. कल्पना तशी वाईट नव्हती. फोन ठेवल्यावर मात्र चीड आली. कथेत वजन होतंच की, कापसाचं!

मी बडनेरा-अकोला अप-डाउन करते. डब्यात "ताई, जरा सरका ना" हे सगळ्यांत आधी मलाच ऐकावं लागतं. सरकते. पण मूर्तिजापूर येईस्तोवर त्याच बाकावर कुणाच्या पोराची बारावी, कुणाच्या भिशीतला घोळ, कुणाच्या सासूचं ऑपरेशन निघालेलं असतं. आम्हा जाड बायांच्या डोक्याला वजन सोडून पुष्कळ व्याप असतात.

पडद्यावर ते फार कमी दिसतात. 2016 च्या 'वजनदार' चित्रपटाचा विषय नावातच आहे. 2020 साली आलेल्या 'सुंदरा मनामध्ये भरली' मालिकेतल्या लतिकेचं लग्नही वजनापाशीच अडतं. अशा गोष्टी असाव्यात, माझं भांडण नाही; लतिकेसाठी मी स्वतः रोज टीव्हीपुढं बसले आहे. पण 2021 च्या 'झिम्मा' चित्रपटात निर्मिती सावंत यांची निर्मला पाहिली आणि बरं वाटलं. घरच्यांच्या मागंपुढं करण्यात आयुष्य गेलेली बाई लंडनला निघते, आणि आपल्याला काळजी लागते ती तिचं एकटीचं तिथं कसं निभेल याची. तिकडं अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांच्या कादंबऱ्यांत बोत्स्वानाची माँ रामोत्स्वे 1998 पासून गुप्तहेरगिरी करते आहे. अंगानं भरलेली, ते लपवत नाही, चहा पीत पीत लोकांची लफडी उलगडते.

आपल्याकडं 1960 मध्ये उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी आली. शिंप्याच्या घरातली कौतिक संसार ओढता ओढता कशी संपत जाते, हे वाचताना तिचं माप काढायचं कुणाला सुचलं? बारीक माणसाला गोष्टीत यायला कारण लागत नाही. जाड बाई आली की ती एक तर हसवायला आलेली असते, नाहीतर बारीक व्हायला. (जाड बाप्याला एवढं धरत नाहीत. त्याला सरपंच करतात.)

हे तुम्हालाच लिहिण्याचं कारण, 1923 मध्ये संघ स्थापन झाला तो आमच्या अमरावतीत. म्हणजे माहेरच्या हक्कानं मागते. संघाच्या 'युगवाणी' या नियतकालिकाचा एक कथा अंक काढा. त्यात जाड माणसांना कामं द्या: कुणी मापारी, कुणी नर्स, कुणी प्रेमात पडलेली, कुणी उधारी बुडवणारी. विषय म्हणून 'स्थूलता' असं मात्र छापू नका, नाहीतर आहारतज्ज्ञांचे लेख येतील.

माझी कथा सोबत जोडली आहे. संपादकांच्या फोननंतर ती पुन्हा तपासली. मंदा होती तेवढीच ठेवली; धरमकाट्याच्या दोन पावत्या कमी पडत होत्या, त्या घातल्या.

आपली,
बडनेरा-अकोला पासधारक