कडुनिंबाचा मोहोर

फाल्गुन सरता सरता वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील आमच्या अंगणात कडुनिंबाची जुनी पाने गळून तांबूस पालवी फुटते, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे तिच्या आडून पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागले, की वैशाखवणव्यापूर्वी निसर्गाने मंजूर केलेली ही अल्प मुदत एकही प्रहर वाया न दवडता उपभोगावी, अशी ओढ मनाला लागते. पहाटे झाडलेल्या अंगणात घटकाभरात पुन्हा सडा पडतो. त्यातले एक फूल तळहातावर घ्यावे, तर पाच नाजूक पाकळ्या, मधोमध इवलीशी नळी, आणि कडूपणासाठी ख्यात असलेल्या या वृक्षाचा तो मधासारखा गंध!

मोगऱ्याची मुदत याहूनही तुटपुंजी. सायंकाळी उमललेले फूल दुसऱ्या दिवशी उन्हे कलेपर्यंत कडांना तपकिरी होते. म्हणून तिन्हीसांजेला पाणी घालून झाल्यावर वाफ्याजवळ निमूट बसण्याचा आमच्या घरी रिवाज आहे. ऋतूंचे दफ्तर असे महिन्यामहिन्याने उलगडून पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला १९५६ साली दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने दिली, आणि ते ऋण आम्ही कृतज्ञतेने मानतो. या अंकासाठी मजकूर मागविताना लेखकांना आमची विनंतीही तेवढीच होती: आपल्या दारातल्या एका फुलाजवळ बसून लिहावे.

लवकरच वर्ध्याचा पारा ४५ अंशांकडे झेपावेल. आज मात्र विहिरीकडच्या वाफ्यात अकरा कळ्या टपोरल्या आहेत.