पोथी कोणाची आणि हात कोणाचे?



काही महिन्यांपूर्वी धम्मदीक्षा घेतलेल्या एका कुटुंबाकडे मी गेलो होतो. घरातील मुलगी नववीत शिकते. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एका वक्त्याने गर्जून सांगितले होते की विमान, शस्त्रक्रिया, अणू ही सारी विद्या आमच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वीच शोधली आणि पोथ्यांत लिहून ठेवली. मुलीने मला विचारले, "वकीलकाका, ते 'आमचे पूर्वज' म्हणाले. त्यांत आपले पूर्वज येतात का?"

आजवरच्या वकिलीत इतका नेमका उलटतपासणीचा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. त्या मुलीला मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले. पण ते उत्तर धम्मात आलेल्या प्रत्येक घरात पोचले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कायद्याचा एक साधा नियम आहे. जो हक्क सांगतो, त्याने तो सिद्ध केला पाहिजे. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. विद्येच्या वारशाचा हा दावा आपण याच नियमाने तपासू.

प्रथम विमान. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला वारंवार दिला जातो, त्याची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावर प्राचीन विमानांवरचा निबंध वाचला गेलाच! खोटा दस्तऐवज एकदा उघडा पडल्यावर तोच पुन्हा दाखल करणाऱ्या पक्षकाराला न्यायालय काय म्हणेल, हे मी सांगायला नको.

आता शस्त्रक्रिया. हा दावा अधिक गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईतील एका समारंभात देशाच्या पंतप्रधानांनी गणपतीच्या मस्तकाचा दाखला देऊन त्या काळी कोणी प्लास्टिक सर्जन असला पाहिजे असे उद्गार काढले. देवाचे मस्तक बाजूला ठेवू. कापलेले नाक नव्याने बसविण्याची विद्या या देशात खरोखर होती. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. पण ती कोणाच्या हातात जिवंत राहिली? याचा पुरावा आपल्या पुण्याजवळचाच आहे.

१७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. पुढे पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले. तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली. तेवढी कातडी सोडविली, पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिचा एक पट्टा जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त चालू राहील. मग ती खाली वळवून बसविली आणि कातात भिजविलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी चिकटविली. पंचवीस दिवसांच्या सुमारास जोडपट्टा कापला. दोन इंग्रज वैद्यांच्या साक्षीचा हा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला गेला. तो वाचून लंडनचा शल्यविशारद जोसेफ कार्प्यू याने पुढे अभ्यास केला, १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. युरोपच्या नव्या शल्यविद्येत ही रीत अशी शिरली.

ज्याने ते नाक बसविले तो पुण्याचा माणूस कोण होता? शास्त्री? वेदमूर्ती? नव्हे. त्या वृत्तान्तात त्याची ओळख एवढीच आहे की तो विटा करणाऱ्या जातीचा होता. रुग्णाचे नाव नोंदले गेले, पाहणाऱ्या साहेबांची नावे नोंदली गेली. ज्याच्या हातांनी हे घडविले त्याचे नाव मात्र नाही. पोथी एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे! या एका ओळीत भारतातील विज्ञानाचा सारा शोकान्त आहे.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची साक्ष काढतो. त्यांचा जन्म १८६१ साली खुलना जिल्ह्यातील एका जमीनदार घराण्यात झाला. एडिंबरो येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली, १८८९ पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकविले, आणि पाऱ्याचा एक नवा संयुग-पदार्थ शोधून जगात नाव मिळविले. फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो याच्या प्रोत्साहनाने त्यांनी जुन्या हस्तलिखितांचा शोध घेतला आणि 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' दोन खंडांत लिहिला. पहिला १९०२ साली, दुसरा १९०९ साली. या देशात रसायनविद्या होती, हे त्यांनी अस्सल ग्रंथांच्या आधारे जगाला दाखविले. पूर्वजांचा गौरव ज्याला करायचा असेल त्याने राय यांचे ऋण मानलेच पाहिजे.

पण गौरव करणारे लोक त्या ग्रंथातील एक प्रकरण वाचीत नाहीत. ही विद्या मेली का, हा प्रश्न राय यांनी स्वतःच विचारला आणि उत्तर दिले: जातिव्यवस्थेमुळे. सुश्रुताने सांगितले होते की शल्यविद्या शिकणाऱ्याने प्रेत वाहत्या पाण्यात ठेवावे, सात रात्रींनंतर थरावर थर घासून काढीत शरीराची रचना डोळ्यांनी पाहावी. मनूने प्रेताचा स्पर्श विटाळ ठरविला, वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले, वैद्याचे अन्न पुवासारखे मानले. मग उच्चवर्णीय हात शस्त्राला का लागेल? राय म्हणतात, कला आणि कारागिरी खालच्या जातींकडे ढकलल्या गेल्या. बुद्धी बाळगणारा वर्ग प्रत्यक्ष वस्तूंपासून दूर गेला. घडते कसे आणि का, हे विचारणारी वृत्तीच नष्ट झाली. बॉइल किंवा न्यूटन उपजावा अशी ही भूमी राहिली नाही.

वकील म्हणून या साक्षीचे मोल मी फार मोठे मानतो. साक्षीदार आपल्यापैकी नाही. तो वरच्या जातीत जन्मलेला, देशाभिमानी, प्राचीन विद्येचा प्रेमी. अशा माणसाने स्वतःच्या वर्गाच्या हिताविरुद्ध दिलेली कबुली कोणत्याही न्यायालयात वजनदार ठरते. पूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दाखविले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्याआधी चौतीस वर्षे एक रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेच्या वाटेने त्याच सत्याच्या दारापर्यंत आला होता.

कोणी म्हणेल, ही एका माणसाची कल्पना. तर युरोपकडे पाहा. तिथेही विद्यापीठात वैद्यकाचा पंडित उंच आसनावर बसून गेलनचा ग्रंथ वाचीत असे आणि खाली न्हावी प्रेत चिरीत असे. वाचणारा पाहत नसे, पाहणारा वाचीत नसे. पादुआ येथे वेसालियस आसनावरून खाली उतरला, त्याने सुरी स्वतः हातात घेतली आणि १५४३ साली मानवी शरीररचनेवरचा आपला ग्रंथ छापला. रॉबर्ट नॉर्मन हा खलाशी, पुढे होकायंत्रे बनविणारा कारागीर झाला. चुंबकसुई क्षितिजाखाली कशी झुकते हे त्याने १५८१ साली छापले. राणीचा वैद्य असलेल्या विल्यम गिल्बर्टने १६०० सालच्या आपल्या चुंबकावरील ग्रंथात त्या कारागिराच्या कामाचा आधार घेतला.

यावरून सिद्धान्त मांडला तो एडगार त्सिल्झेल याने. व्हिएन्नातील हा ज्यू विद्वान कामगारांच्या वर्गांत शिकवीत असे. १९३८ साली नाझींमुळे त्याला देश सोडावा लागला. १९४२ साली अमेरिकेत छापलेल्या निबंधात त्याने म्हटले की हाताने काम करणारे आणि ग्रंथ वाचणारे यांच्यामधली भिंत १६०० च्या सुमारास ढासळली, तेव्हा आधुनिक विज्ञान जन्मले. त्याच्या मतावर पुढे विद्वानांत वाद झाले. पण तो प्रश्न कोणालाही टाळता आला नाही. १९४४ साली कॅलिफोर्नियात त्याने आपले जीवन संपविले. त्याच वर्षी कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय वारले. एकाने सांगितले भिंत पडल्यावर काय होते. दुसऱ्याने सांगितले भिंत उभी राहिल्यावर काय होते. युरोपची भिंत वर्गाची होती, ती ढासळली. आपली भिंत धर्माने बांधली आणि विटाळाने लिंपली.

ही भिंत किती उंच होती ते राय यांच्याच एका विद्यार्थ्याला विचारा. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा १९११ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात आला. वसतिगृहात उच्चवर्णीय मुलांनी त्याला आपल्या पंक्तीत जेवू दिले नाही. नऊ वर्षांनी, १९२० साली, याच मुलाने ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि घटना उलगडणारे समीकरण जगाला दिले. पुढे 'सर्व काही वेदांतच आहे' म्हणणाऱ्यांशी त्याने १९३९ साली बंगाली मासिकातून जाहीर वाद घातला. ज्याला पंक्तीत पाट मिळाला नाही त्याने आकाशातील ताऱ्यांचा हिशेब मांडला! आणि ज्या शेकडो मुलांना शाळेचा उंबरठाच ओलांडता आला नाही, त्यांचा हिशेब कोण मांडणार?

आता थोडे आपल्या घरात पाहू. आपल्यापैकीही काही उत्साही बांधव म्हणू लागले आहेत की सर्व विज्ञान त्रिपिटकात आहे. बांधवहो, ही तीच जुनी पोथी, फक्त तिचे बासन निळे! कालामांना तथागतांनी सांगितले की ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काहीही मानू नका. मग आपण दाव्याला प्रतिदावा का जोडावा? तथागतांचा खरा वारसा वेगळा आहे. अतिसाराने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा विनयपिटकात आहे. जगातील थोर बुद्धी आणि तिचा हात तिथे एकत्र आले. विटाळाचा सिद्धान्त तिथे हरला.

आणखी एक आक्षेप येईल: "मग आम्ही पुन्हा ढोरे ओढावीत काय?" मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ती कामे सोडण्यास सांगितले ते योग्यच. लादलेले काम हे दास्य आहे. पण ज्यांच्यावर चामडे कमावण्याचे काम लादले गेले, त्यांना चुन्याने केस कसे सुटतात आणि बाभळीच्या सालीत व हिरड्यात कातडे किती दिवस ठेवावे हे ठाऊक होते. ते ज्ञान होते; ज्याने त्यांना अस्पृश्य ठरविले त्याला ते नव्हते. काम सोडा, पण ते करणाऱ्या आजोबांची लाज बाळगू नका. त्यांना वही मिळाली असती तर त्यांचे नावही रसायनशास्त्राच्या इतिहासात आले असते.

म्हणून माझे सांगणे असे. 'आमचे पूर्वज' हा शब्द कानी पडला की मुलांनी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणत्या ग्रंथात आहे आणि तो कधीचा? ते प्रत्यक्ष कोणाच्या हातांनी केले? आणि त्या हातांना तो ग्रंथ वाचण्याची परवानगी होती का? असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी वाढविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. आणि आईवडिलांनी शाळेत जाऊन पाहावे की प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, प्रात्यक्षिकाच्या वेळी आपल्या मुलीच्या हातात परीक्षानळी येते का, की ती मागे उभी राहून नुसते वहीत उतरवून घेते. त्या एका नळीसाठी भांडण्याची पाळी आली तर अवश्य भांडा.

त्या मुलीला मी दिलेले उत्तर असे होते: "होय बाळ, त्यांत आपले पूर्वज येतात, पण वक्त्याला ठाऊक नाही अशा जागी. पोथीत त्यांचे नाव नाही. कामात त्यांचा हात आहे. आता हातही तुझा आणि पोथीही तुझीच असली पाहिजे."

जय भीम!