शिल्लक रजेचा हक्क

1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तेव्हा हिंगोलीच्या कचेऱ्यांतील कारकुनांचे सरकारच बदलले. परंतु राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115व्या कलमाने केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या सेवाशर्तींत अहितकारक फेरफार करण्यास मनाई केली, ही दूरदृष्टी मला अत्यंत मोलाची वाटते.

सरकार बदलताना दाखवलेली ही दृष्टी कार्यालय बदलतानाही हवी. आज परजिल्ह्यातून हिंगोली जिल्हा परिषदेत बदलून येणाऱ्या आरोग्यसेविकेची अर्जित रजा, वर्षाला 30 दिवस आणि संचय 300 दिवसांपर्यंत, ही कोणाची मेहेरबानी नसून केलेल्या चाकरीचे संचित होय. म्हणून सेवापुस्तकातील रजेचा हिशेब कार्यमुक्तीच्या दिवशीच तपासून सहीशिक्क्यानिशी रवाना करणे जुन्या कार्यालयावर बंधनकारक असावे, आणि तो पोहोचण्यास विलंब झाला तरी आजारी आईच्या शुश्रूषेसाठी तिने केलेला अर्ज त्या सबबीवर अडवला जाऊ नये.